मालवण बंदर : मावळतीचे रंग, वल्ह्याची होडी आणि रापणीची दोरी

कोकणच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यासाठी जागांची वाण नाही. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही पुळणीवर पश्चिमेकडे तोंड करून बसले की मावळतीचे रंग फुकट मिळतात. तरीही रिकामा समुद्रकिनारा आणि कामाने गजबजलेले बंदर यांतील सूर्यास्तात मोठा फरक असतो. बंदरात सूर्य खाली उतरत असताना होड्या परतत असतात, जाळी झाडली जात असतात, मासळीच्या टोपल्या किनाऱ्याला लागत असतात आणि बर्फाच्या लाद्या फुटत असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे असे बंदर आहे. येथे पर्यटकाला किल्ल्याच्या पार्श्वभूमीवरचा सूर्यास्त पाहता येतो आणि आसपासच्या खाडीत वल्ह्याच्या लहान होडीतून, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘कयाक’मधून, फिरताही येते. मात्र हे दोन्ही आनंद समुद्राच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहेत. शिवाय हे पाणी मासेमाराचे शेत आहे. या दोन गोष्टी समजून घेतल्या तर मालवणची संध्याकाळ स्मरणात राहते. त्या दुर्लक्षिल्या तर कधी जाळ्याचे नुकसान होते, तर कधी जिवावर बेतते.

बंदराची घडण

मालवणच्या बंदराला निसर्गानेच आडोसा दिला आहे. उत्तरेला राजकोटचे खडकाळ टोक, नैर्ऋत्येला कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग आणि आसपास पाण्याखाली-पाण्यावर डोकावणारे खडक यांमुळे खुल्या समुद्रातील लाटांचा जोर किनाऱ्यापर्यंत येता येता मोडतो. हेच खडक परक्या जहाजांना मात्र घातक ठरत. शिवछत्रपतींनी जलदुर्गासाठी ही जागा निवडली त्यामागे हे कारण उघड दिसते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत, १६६७ मध्ये, तो उभा राहिला. किनाऱ्यावरील ज्या खडकाजवळ पायाभरणीचे पूजन झाले तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही दांडीच्या किनाऱ्यावर पाहता येतो. सिंधुदुर्ग, राजकोट, सर्जेकोट आणि पद्मगड अशा चार दुर्गांनी या पाण्याची राखण केली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले, त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी एकेकाळी मालवणला थांबत. रस्ते सुधारले, पुढे कोकण रेल्वे आली आणि ती वाहतूक इतिहासजमा झाली. मासेमारी मात्र बंदराने सोडली नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि बंदराला दुसरा व्यवसाय मिळाला. आज एकाच धक्क्यावरून एक होडी किल्ल्याकडे प्रवासी घेऊन निघते, तर शेजारच्या होडीतून बांगडा, सुरमई आणि कोळंबी उतरत असते. मालवणला येण्यासाठी कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे असून ते सुमारे ३० किलोमीटरवर आहे.

मावळतीचे गणित

सूर्यास्ताची वेळ वर्षभर बदलत राहते, हे सर्वांना ठाऊक असते. जागाही बदलते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मालवण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य अगदी पश्चिमेला मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस तो पश्चिमेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, तर जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. दांडीच्या किनाऱ्यावरून किल्ला साधारण पश्चिमेला येतो. म्हणून तटबंदीच्या मागे बुडणारा सूर्य पाहायचा असेल तर हिवाळ्यात याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेकडे सरकून उभे राहावे आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडे. ज्यांना मधे काहीही न येता थेट क्षितिजावर टेकणारे बिंब हवे असेल, त्यांच्यासाठी रॉक गार्डनचा खडकाळ किनारा अधिक चांगला.

वेळेचे म्हणाल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मार्चच्या विषुवदिनी ही वेळ पावणेसातच्या आसपास, तर मेअखेरीस सात वाजून गेलेली असते. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाकडे तिरका न उतरता जवळजवळ उभा उतरतो. बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात. त्यानंतरचा संधिप्रकाशही अल्पजीवी असतो. वीस-पंचवीस मिनिटांत वस्तू ओळखू न येण्याइतका अंधार होतो. युरोपातील लांबलचक संध्याकाळींचे वर्णन वाचून येणाऱ्याची येथे फसगत होते. किनाऱ्यावर बसलेल्याला याचे काही वाटत नाही. पाण्यात असलेल्याला मात्र हा हिशेब मनात पक्का ठेवावा लागतो.

रंगांचे म्हणावे तर सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश वातावरणाच्या फार जाड थरातून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश वाटेतच विखरून टाकतात आणि आपल्यापर्यंत तांबूस-नारिंगी छटा पोहोचतात. आकाश पूर्ण निरभ्र असले तर रंग स्वच्छ पण थोडे दिसतात. उंचावर विरळ ढगांची पिसे असली तर सूर्य बुडाल्यानंतरही त्यांच्यावर खालून प्रकाश पडत राहतो आणि खरा रंगोत्सव तेव्हा सुरू होतो. बिंब बुडताच उठून जाणारा पर्यटक त्यामुळे अर्धाच सूर्यास्त पाहतो. क्षितिजालगत दाट ढगांची भिंत असेल तर मात्र सूर्य पाण्याला टेकण्याआधीच लुप्त होतो. पाऊस संपून हवा धुतली गेलेली असते आणि आकाशात थोडे ढग रेंगाळत असतात, असा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ यासाठी उत्तम.

तिथीची पाऊणपट

बंदरात घड्याळापेक्षा पंचांग अधिक कामाचे, असे किनाऱ्यावरची जुनी माणसे मानत आली आहेत. त्याला आधार आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असते. त्यामुळे प्रत्येक भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. यावरूनच एक सोपा आडाखा बसला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा आडाखा ठोकळ आहे. नेमकी वेळ त्या त्या बंदराच्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातच पाहावी. मुंबईची वेळ मालवणला लावणे चूक ठरते, कारण येथील भरती मुंबईच्या आधी येते. भरती-ओहोटीच्या पातळीतील फरकही येथे मुंबईपेक्षा बराच कमी असतो.

या आडाख्याला सूर्यास्ताची वेळ जोडली की संध्याकाळचे चित्र आधीच डोळ्यांसमोर उभे राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. पाणी दूर गेलेले, खडक उघडे पडलेले, पुळण ओली आणि आरशासारखी झालेली. छायाचित्रासाठी ही वेळ नामी. पौर्णिमेला तर पश्चिमेला सूर्य बुडत असताना पूर्वेला चंद्र वर येतो. पण उधाणाच्या या दिवसांत पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असल्याने प्रवाहही सर्वांत जोरकस असतात. याउलट अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी कमी चढते, कमी उतरते, प्रवाह मंद असतात आणि सूर्यास्ताच्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली असते. वल्ह्याची होडी घेऊन निघणाऱ्यासाठी महिन्यातील याच संध्याकाळी सर्वांत शांत. त्यातही शुक्ल पक्षातील अष्टमी असेल तर अर्धा चंद्र आधीच डोक्यावर आलेला असतो आणि परतताना त्याचा उजेड मिळतो.

ओहोटीत पद्मगडाकडे वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाणाऱ्यांनीही हे गणित विसरू नये. वाट उघडी दिसते ती ठरावीक वेळेपुरती. पाणी वळले की ती मुकाट्याने बुडू लागते.

वल्हवायचे कोठे?

नवख्या माणसाने बंदराच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या वाटेवर कयाक नेणे शहाणपणाचे नाही. तेथे इंजिनाच्या होड्यांची सतत ये-जा असते. पाण्यालगत बसलेला कयाकवाला तिरप्या उन्हात, डोळ्यांवर येणाऱ्या सूर्याच्या बाजूला, होडी चालवणाऱ्या तांडेलाला दिसतच नाही. किल्ल्याभोवतीच्या खडकांतील वाट तर रोज ये-जा करणाऱ्यालाच ठाऊक असते. खडकांवर आपटणाऱ्या लाटेत हलकी कयाक सहज उलटते.

योग्य जागा आहे ती दक्षिणेला, तारकर्ली-देवबागच्या पाठीमागची कर्ली खाडी. देवबाग ही वाळूची निमुळती पट्टी आहे. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र, तर दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. नदीच्या बाजूला माड, खारफुटी आणि संथ पाणी लाभते. बगळे, खंड्या आणि घारी सोबत करतात. समुद्राच्या बाजूने सूर्य बुडत असताना माडांच्या झावळ्यांतून त्याचा प्रकाश खाडीत उतरतो. बिंब क्षितिजाला टेकताना येथून दिसत नाही, पण पाण्याचा रंग पालटत जाताना दिसतो, आणि तो अनुभव वेगळाच असतो.

धोका आहे तो संगमावर. नदी जेथे समुद्राला मिळते तेथे ओहोटीचे पाणी अरुंद वाटेने बाहेर धावते. एक साधा हिशेब पाहावा. सामान्य माणूस संथ पाण्यात ताशी सुमारे ४ किलोमीटर वल्हवतो असे धरू. ओहोटीचा प्रवाह ताशी २ किलोमीटर असेल तर संगमाकडे जाताना वेग ६ होतो. अर्ध्या तासात ३ किलोमीटर अंतर कापले जाते आणि आपल्या बाहूंत भलतेच बळ आल्याचा भास होतो. परतताना तोच वेग २ वर येतो, म्हणजे तेच ३ किलोमीटर अंतर परतायला दीड तास. सूर्यास्तापूर्वी तासभर निघालेला माणूस अशा हिशेबात पुरत्या अंधारात सापडतो, तोही दमलेला. म्हणून खाडीतील जुना नियम असा, की जाताना प्रवाहाविरुद्ध जावे आणि येताना त्याच्या सोबत यावे. ते जमत नसेल तर पाणी थबकलेले असते अशी भरतीच्या टोकाची वेळ साधावी.

वाऱ्याचेही असेच आहे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे वाहतात. ते संध्याकाळी मंदावतात. रात्री आणि पहाटे जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. दुपारचा खारा वारा पाणी खळबळवतो, पण होडीला किनाऱ्याकडे ढकलतो. पहाटेचा मतलई वारा किनाऱ्याजवळ जाणवतही नाही, पाणी काचेसारखे दिसते आणि होडी मात्र हळूहळू बाहेर जात राहते. शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी असे नव्हे, हे कोळ्याच्या मुलाला लहानपणीच कळते. शहरातून आलेल्याने ते ऐकून तरी घ्यावे.

पाणी कोणाचे?

या सौंदर्यामागे एक जुना ताण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची परंपरा आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात पाण्यात सोडायचे, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि अनेकांनी मिळून ते ओढायचे, अशी ही पद्धत. रापण एकट्यादुकट्याची नसते. मिळालेल्या मासळीचे वाटेही सर्वांचे असतात. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला मिळतो. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या नौका मासा बाहेरच घेरू लागल्यावर पारंपरिक मच्छीमारांच्या पदरी येणारा वाटा आटला आणि संघर्ष पेटला. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ सालचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा करून दंड वाढवले. वाद त्यानंतरही शमलेला नाही.

दरम्यान, अनेक मच्छीमार कुटुंबांनी पर्यटनाचा आधार घेतला. होडीतून सफर, स्नॉर्केलिंग, घरगुती निवास आणि खानावळ यांतून हाती रोख पैसा येऊ लागला. मासळीचा भरवसा उरला नसताना हा मोठाच दिलासा. परंतु जेथे रापण लागते त्याच पुळणीवर आता जलक्रीडेच्या नौका धावतात. पंख्यात जाळे अडकले तर क्षणात चिंध्या होतात. वेगाने फिरणाऱ्या नौकांच्या आवाजाने मासळी बुजते, अशी मच्छीमारांची तक्रार असते. कयाकला इंजिन नसते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण लागलेल्या रापणीच्या घेरात शिरलेली एक कयाकसुद्धा तासाभराचे श्रम वाया घालवू शकते. किनाऱ्यावर दोर ओढणारी रांग दिसली तर त्या दोन दोऱ्यांच्या मधल्या पाण्यात जाऊ नये. पाण्यावर एका रेषेत तरंगणारे बुचे किंवा प्लास्टिकचे डबे दिसले तर खाली जाळे आहे असे समजून वळसा घ्यावा. ही साधी रीत आहे.

पाण्याखालचेही एक जग येथे आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ दिसायला दगडासारखा, पण तो सजीवांची वसाहत असतो आणि त्याची वाढ अतिशय मंद असते. ओहोटीत त्यावर उभे राहून छायाचित्र काढणारा माणूस कित्येक वर्षांची वाढ एका पावलात मोडतो. या अभयारण्याचे नियम आपल्या पोटावर येतील या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. आज मात्र तोच प्रवाळ पाहण्यासाठी पर्यटक येतात आणि त्यांना नेणारी होडी बहुधा मच्छीमाराचीच असते. निसर्ग टिकवणे आणि पोट भरणे या येथे परस्परांत गुंतलेल्या गोष्टी आहेत.

किमान शिस्त

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाऊस तोंडावर असताना समुद्राचे रूप किती लवकर पालटते, याची ती दुःखद आठवण आहे. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा सहसा बंद ठेवल्या जातात. यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र ही त्यामागची दोन कारणे. पुढे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो आणि बंदर पुन्हा जागे होते. पावसाळ्यात किनाऱ्यावरून सूर्यास्त जरूर पाहावा. पाण्यात मात्र उतरू नये.

एरवीही काही पथ्ये पाळावीत. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच होडी घ्यावी. जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे बांधावेत. नुसते मांडीवर ठेवलेले जाकीट बुडताना उपयोगी पडत नाही. पोहता येत असले तरी जाकीट सोडू नये. एकट्याने निघू नये आणि कोठे जातो, केव्हा परततो हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जावे. शिट्टी आणि पाण्याने न बिघडणारी विजेरी जवळ ठेवावी. सूर्यास्त पाण्यातून पाहायचा असेल तर किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरात राहावे, म्हणजे संधिप्रकाश संपण्याआधी पाय वाळूला लागतात. होडी उलटली तर पोहत किनारा गाठण्याचा मोह टाळून होडीलाच धरून राहावे. तरंगणारी होडी लांबून दिसते, पाण्यातले डोके दिसत नाही.

बंदराच्या धक्क्यावरही शिष्टाचार असतो. बोटी परतल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. तो पाहण्यासारखा असतो, पण तो तमाशा नव्हे. तेथे काही क्षणांत एका कुटुंबाच्या दिवसभराच्या कष्टांचे मोल ठरत असते. टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नये. कोणाचे छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारावे. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नये. ‘दादा, आज वारा कसा?’ असा प्रश्न एखाद्या वयस्क तांडेलाला विचारला तर भ्रमणध्वनीवरील हवामानापेक्षा अधिक नेमके उत्तर मिळण्याची शक्यता असते. आणि ‘आज नको’ असे तो म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. आकाश निळे आणि पाणी शांत दिसत असले तरीही.

अशा ‘नको’च्या दिवशी काही गमावल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. दांडीच्या पुळणीवर बसले तरी किल्ल्याचा तट काळा होत जाताना दिसतो. ढगांच्या कडा पेटतात, मागून राखी होतात. अंधार पडता पडता राहिलेल्या होड्यांचे दिवे एकेक करून आत येऊ लागतात आणि किनाऱ्यावर वाट पाहत उभी असलेली माणसे ते दिवे मोजत असतात. पर्यटकाच्या लेखी सूर्यास्त म्हणजे दिवसाचा शेवट. बंदराच्या लेखी दिवस संपतो तो शेवटची होडी धक्क्याला लागल्यावर.